तणात काय बघायचं? शिकागोजवळच्या प्रेअरीत फिरायला आणि राबायला जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा गेले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "यासाठी चाळीस मिनिटं गाडी चालवली? हे तर आपल्या सुप्याचं माळरान!" मे महिना होता. गवत घोट्याएवढं, मध्येमध्ये गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या, आणि सोबतचे दहा-बारा निवृत्त अमेरिकन गुडघ्यांवर बसून जमिनीत काहीतरी बघत होते. मी हातात फोन घेऊन उभी. अर्ध्या तासाने आमच्या गाइडबाईंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि एक फूल दाखवलं. शूटिंग स्टार. टोमॅटोच्या फुलासारखं खाली मान घातलेलं, पाकळ्या सगळ्या मागे वळलेल्या, रंग फिका गुलाबी. उभं राहून ते दिसतच नव्हतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. बहुतेक शनिवारी सकाळी मी तिथेच असते. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही ते गवत काढायला जाता म्हणे, आम्हाला यायचं तर काय करायचं?" दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

१. जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण इथे प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं नैसर्गिक माळरान, आता औषधाला उरली आहे. १८२० च्या सुमारास या राज्यात अंदाजे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. आज चांगल्या अवस्थेतली, कधीच न नांगरलेली उरली ती अडीच हजार एकरांच्या आसपास. खाली पसरलेली काळी माती मूळची या गवतानेच बनवलेली. ती इतकी चिकट की लोखंडी नांगराला गोळा होऊन बसायची. १८३७ मध्ये याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि पुढच्या दोन पिढ्यांत सगळं मक्याखाली गेलं. वाचले ते तुकडे कुठले, तर जुन्या कबरस्तानांचे कोपरे, रेल्वेलाइनच्या कडा, आणि बिल्डरांनी प्लॉट पाडून सोडून दिलेल्या जमिनी.

तेव्हा तुम्ही 'प्रेअरी बघायला' जाता तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींपैकी एक बघत असता: असा वाचलेला मूळ तुकडा, त्याला इथे रेम्नंट म्हणतात, किंवा शेतजमिनीवर बी पेरून पुन्हा उभी केलेली प्रेअरी. नवख्या डोळ्यांना फरक कळत नाही. मला तो कळायला दोन उन्हाळे लागले. मूळ तुकड्यात एका पावलाखाली दहा-पंधरा जातींची रोपं सापडतात, पेरलेल्या जागी उंच गवताचं राज्य असतं.

आणि हो, इथल्या गवतांशी आपलं नातं आहे. बिग ब्लूस्टेम हे राज्याचं मानाचं गवत, ऑगस्टमध्ये डोक्याच्या वर जातं, आणि त्याची कणसं कोंबडीच्या पायासारखी तीन बोटांची. ते आणि 'इंडियन ग्रास' हे दोन्ही ज्वारी-उसाच्याच गोतावळ्यातले. यातले 'इंडियन' आपण नव्हे, इथले मूळ रहिवासी. पण इंडियन ग्रासचा तुरा पहिल्यांदा बघितल्यावर मला शाळूच आठवला होता.

२. जागा कोणाची आहे ते आधी शोधा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. घराजवळची बाग पार्क डिस्ट्रिक्टची असते, तिच्या वेबसाइटवर प्रेअरी शोधत बसू नका. प्रेअरी बहुधा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, 'फॉरेस्ट प्रिझर्व्ह डिस्ट्रिक्ट'कडे असते. नावात जंगल आहे म्हणून गवताळ जागा त्यांच्याकडे नसेल असं मलाही वाटलं होतं. कुक, ड्युपेज, विल, केन, लेक या प्रत्येक काउंटीचं असं स्वतंत्र खातं आहे. मॅकहेन्रीत त्यालाच कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट म्हणतात. प्रत्येकाचं स्वयंसेवकांचं पान वेगळं, फॉर्म वेगळा, कॅलेंडर वेगळं.

म्हणून आधी आपली काउंटी कोणती ते बघा. गंमत नाही, नेपरव्हिल दोन काउंट्यांत आहे आणि अरोरा चार. माझ्या एका मैत्रिणीने तीन महिने चुकीच्या काउंटीच्या उत्तराची वाट बघितली. अर्थात दुसऱ्या काउंटीत जाऊन काम करायला कोणाची मनाई नाही, फक्त फॉर्म त्यांचा भरा.

याशिवाय राज्य सरकारच्या जागा आहेत, एक-दोन केंद्र सरकारच्या, आणि काही खासगी ना-नफा संस्थांच्या.

३. कुठे जाऊन सुरुवात करावी

मी सुचवेन त्या जागा, माझ्या आवडीच्या क्रमाने:

लाइल गावातल्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातली शुलेनबर्ग प्रेअरी. १९६२ मध्ये रे शुलेनबर्ग यांनी ती लावायला घेतली, पुन्हा उभ्या केलेल्या प्रेअरींमधली ही फार जुनी. आत जायला तिकीट आहे, पण वाटा चांगल्या, स्वच्छतागृह जवळ, आई-बाबांना घेऊन जायला हीच बरी.

वेस्टचेस्टरमधली वुल्फ रोड प्रेअरी. ८० एकरांची मूळ प्रेअरी. १९२० च्या दशकात इथे वसाहत होणार म्हणून सिमेंटचे फुटपाथ घातले, मग महामंदी आली आणि घरं झालीच नाहीत. ते फुटपाथ अजून आहेत. दोन्ही बाजूंनी डोक्याएवढं गवत आणि मधून कुठेही न जाणारा फुटपाथ, असं चालायला मिळतं. बूट चिखलात घालायची तयारी नसलेल्यांनी इथून सुरुवात करावी.

बटेव्हियाची फर्मिलॅब. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, आणि तिच्या आवारात १९६९ पासून बायसन, म्हणजे इथले केसाळ रानगवे, आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून रॉबर्ट बेट्झ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी कणत्वरकाच्या वर्तुळाच्या आत प्रेअरी लावायला सुरुवात केली. गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, ते बरोबर ठेवा.

लांब जायची हौस असेल तर दोन जागा. जोलिएटच्या दक्षिणेला मिडेविन: पूर्वीचा दारूगोळ्याचा कारखाना, १९९६ पासून राष्ट्रीय प्रेअरी, अजून मातीने झाकलेले बंकर रांगेने उभे आहेत. आणि शिकागोच्या पश्चिमेला साधारण शंभर मैलांवर नाचुसा ग्रासलँड्स, ही द नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गरक्षण संस्थेची, १९८६ पासूनची. तिथे २०१४ पासून बायसन आहेत, पण बायसन दिसतीलच म्हणून मुलांना कबूल करू नका. आम्ही तीनदा गेलो, दोनदा शेण दिसलं.

तुम्ही नॉर्थब्रूक, ग्लेनव्ह्यू बाजूला राहत असाल तर सोम प्रेअरी ग्रोव्ह बघाच. १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रांचकाठच्या दुर्लक्षित तुकड्यांवर काम सुरू केलं. शनिवार-रविवारी साध्या माणसांनी जमून निसर्ग दुरुस्त करायचा, ही इकडची पद्धत बऱ्याच अंशी त्या लोकांनी रुजवली.

४. आधी वॉक, मग काम

उत्साहात थेट कामाला जाऊ नका. निदान एक वॉक, म्हणजे गाइडसोबतचा फेरफटका, करा, दोन केले तर उत्तम. ज्याला नावं माहीत नाहीत त्याच्या हातात कात्री दिली की काय होतं ते पुढे सांगते.

वॉक बहुतेक फुकट असतात, पण नाव नोंदवावं लागतं आणि जागा भरतात. जुलै-ऑगस्टच्या शनिवारचे वॉक आधी भरतात. 'बिगिनर' किंवा 'वाइल्डफ्लॉवर वॉक' असं लिहिलेलं निवडा. 'सेज अँड ग्रास आयडी' असं असेल तर पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. तिथे दोन तास भिंगातून गवताची पेरं बघतात.

कधी जायचं? मेमध्ये शूटिंग स्टार. जूनच्या मध्यापासून फिकट जांभळी कोनफ्लॉवर आणि पांढरी वाइल्ड इंडिगो. जुलै-ऑगस्ट हा भर हंगाम: ब्लेझिंग स्टारचे जांभळे दांडे, कंपास प्लांटची पिवळी फुलं. सप्टेंबरात अ‍ॅस्टर आणि गोल्डनरॉड, आणि नशिबात असेल तर बॉटल जेन्शन, ज्याची निळी कळी कधीच उमलत नाही आणि भुंग्याला पाकळ्या ढकलून आत शिरावं लागतं.

गाइडला सांगून प्रेअरी डॉकचं पान नक्की हाताला लावून बघा. जुलैच्या दुपारी नव्वद फॅरनहाइटला ते पान माठासारखं गार लागतं. त्याची मुळं खोलवरचं गार पाणी ओढत असतात. त्याचाच भाऊ कंपास प्लांट, पानं उत्तर-दक्षिण धरून उभा राहतो, आणि त्याचं मूळ पंधरा फुटांपर्यंत जातं म्हणतात. रॅटलस्नेक मास्टर बघून अननस वाटेल, पण तो कोथिंबिरीच्या कुळातला. प्रेअरी ड्रॉपसीड हे गवत फुलावर आलं की वास सुटतो. कोणाला पॉपकॉर्नचा येतो, मला धण्याचा येतो.

आणि एक रोप मी आपल्या लोकांना मुद्दाम दाखवते. वाइल्ड क्विनीन. पांढऱ्या मोत्यांचे गुच्छ, इथे फार मानाचं, चांगल्या प्रेअरीची खूण. हे आपल्या गाजर गवताचं सख्खं चुलत भावंड आहे, दोन्ही पार्थेनियम! १९५० च्या दशकात पुण्यात ज्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि ज्याने सगळा देश खाल्ला, त्याच्या घरातलं हे शहाणं मूल. आपापल्या जागी दोघंही बिचारी बरी असतील.

वॉकवर मोठा सापळा एकच: तोडायचं नाही. फूल नाही, बी नाही, पान नाही. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, प्रेअरी तेव्हा फुललेली असते, आणि पत्री म्हणून चार काड्या घ्यायला हात शिवशिवतो. फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये तो गुन्हा आहे, दंड होतो. पत्री घरच्या अंगणातली घ्या.

५. अंगाला काय लागतं

हा भाग टाळून पुढे जाऊ नका.

*गोचीड.* एप्रिल ते जुलै सगळ्यात वाईट. फुल पँट, लांब मोजे, पँट मोज्यांत खोचलेली. दिसायला हास्यास्पद, पण तिथे सगळेच तसे असतात. फिक्या रंगाचे कपडे घाला म्हणजे चालणारी गोचीड दिसते. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी फवारून वाळवा. ते कातडीला लावायचं नाही. कातडीला डीट (DEET) असलेलं, किडे पळवणारं औषध. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं, मग धुवायला. अंघोळ करा आणि काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा, केसांची मुळं तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी हे आजीचे उपाय करू नका. चोवीस तासांच्या आत निघाली तर गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाचा धोका बराच कमी असतो.

*पॉयझन आयव्ही.* एका देठाला तीन पानं, मधल्याचा देठ लांब. हे झाड काजू-आंबा-बिब्ब्याच्या कुळातलं आहे. बिब्बा उतल्यावर काय होतं ते ज्यांनी बघितलं असेल त्यांना जास्त सांगायला नको, तीच तऱ्हा. ज्यांना कैरीच्या चिकाने फोड येतात त्यांनी दुप्पट जपावं. हात लागलाच तर लगेच साबणाने खसाखसा धुवा. बूट, नाड्या, लॉपरची (फांद्या छाटायच्या मोठ्या कात्रीची) मूठही धुवा, कारण ते तेल वस्तूंवर राहतं.

*वाइल्ड पार्सनिप.* जून-जुलैत शेपूच्या फुलांसारख्या पिवळ्या छत्र्या दिसल्या की लांब राहा. रस कातडीला लागून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. मुलांना हे झाड पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवा.

६. पहिला वर्कडे

वर्कडे म्हणजे ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ-दहा ते दुपारी बारा-एकपर्यंतचं सामुदायिक काम. आधी अनुभव लागत नाही. प्रत्येक जागेला एक 'स्टुअर्ड' असतो, तोही बहुतेक बिनपगारी. त्याला आदल्या दिवशी ईमेल टाका: मी येतेय, पहिल्यांदाच, अमुक जण आहोत. पाऊस-वाऱ्याने बेत बदलतात, म्हणून सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा ईमेल बघा.

पोहोचल्यावर गोल करून उभे राहतात, प्रत्येकाने नाव सांगायचं. सत्तरीच्या गृहस्थांना सगळे नुसतं पहिल्या नावाने हाक मारतात. मला सुरुवातीला जीभ वळेना, 'काका' तोंडात यायचं. सहा महिन्यांनी सुटलं. इंग्रजीच्या उच्चारांची काळजी करू नका. पुढे लॅटिन नावं सगळेच चुकीची उच्चारतात.

हत्यारं ते देतात: लॉपर, बो सॉ नावाची हातकरवत, हातमोजे, संरक्षक चष्मे. तुम्ही न्यायचं ते एवढंच:

– घोट्यावर येणारे जाड बूट
– स्वतःचे चामडी हातमोजे असतील तर, नसले तरी चालेल
– एक लिटरहून जास्त पाणी
– टोपी, आणि थंडीत थरांवर थर
– काहीतरी खायला. पोळीभाजीची गुंडाळी उत्तम, शिवाय चार जण विचारतात म्हणून दोन जास्त

चेन सॉ आणि तणनाशक यांना हात लावायचा नाही. दोन्हीला वेगळं प्रशिक्षण लागतं. तणनाशकासाठी राज्याच्या कृषी खात्याचा परवानाही लागतो.

आता माझी फजिती. थंडीतलं मुख्य काम म्हणजे बकथॉर्न तोडणं. हे युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झुडूप, आता सगळीकडे माजलंय, आपल्याकडच्या घाणेरीसारखं. मला पहिल्या दिवशी सांगितलं, "फांदीच्या टोकाला काटा असतो." झालं! काटा दिसला की मी करवत चालवली. तासाभराने स्टुअर्ड आला, माझ्या ढिगातली एक फांदी उचलून बघत राहिला, आणि शांतपणे म्हणाला की हा जंगली प्लम आहे, इथलाच, मुद्दाम ठेवलेला. ओरडला नाही. तेच जास्त लागलं.

तर ओळख अशी: बकथॉर्नच्या सालीवर नखाने ओरखडा काढा, आत केशरी-पिवळं दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळी झाडं पानं टाकतात तेव्हा हे हिरवंगार उभं असतं. काळी बारीक फळं. एकाच खुणेवर विसंबू नका, आणि शंका आली तर तोडण्याआधी हाक मारा. कोणी हसत नाही. तोडल्यावर खुंटाला परवानावाला माणूस औषध लावतो; न लावता सोडला तर त्याच खुंटातून पाच फुटवे येतात, म्हणून तोडलेला खुंट पालापाचोळ्याखाली लपेल असं काही करू नका.

तोडलेल्या फांद्यांची थंडीत होळी पेटते. शेकोटीभोवती थर्मासमधला चहा फिरतो, आणि आपल्या मनात भरताची वांगी येतात. ती मनातच ठेवा. त्या ढिगात पॉयझन आयव्हीची वेल गुंडाळलेली असू शकते. तसा धूर दिसला तर वाऱ्याच्या दिशेत उभंही राहू नका, ते छातीत जातं.

७. वर्षभरात काय-काय काम असतं

थंडीत बकथॉर्न आणि हनिसकल ही माजलेली झुडपं तोडणं. एप्रिल-मेमध्ये गार्लिक मस्टर्ड हे तण उपटणं. मुलांना घेऊन जायला हेच काम सगळ्यात सोपं. पानाला लसणीचा वास येतो आणि 'भाजी होईल की' असं कोणीतरी म्हणतंच. फवारणी कुठे झाली आहे ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून नको.

जून-जुलैत स्वीट क्लोव्हर. हे दोन वर्षांचं रोप; पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी फूल, बी, आणि मरण. दुसऱ्या वर्षीचं, बी धरण्याआधी उपटायचं. पाऊस पडून गेल्यावर जा, मूळ अलगद निघतं. कोरड्या मातीत नुसता शेंडा हातात येतो. सावध: पांढरी वाइल्ड इंडिगोसुद्धा पांढऱ्या फुलांची, तीन-तीन पानांची, कडधान्यांच्याच कुळातली. तिचा दांडा जाड, निळसर झाक असलेला आणि गुळगुळीत. ती उपटली तर मात्र थोडं बोलणं खावं लागेल, कारण ती वाढायला अनेक वर्षं घेते.

अगदी थोड्या जागी जुलैच्या आसपास प्रेअरी व्हाइट फ्रिंज्ड ऑर्किडचं परागीभवन हाताने करतात, टूथपिकने. ही केंद्र सरकारच्या संरक्षित यादीतली वनस्पती. नेमकी जागा सांगत नाहीत आणि तुम्हीही फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा.

८. आग

मार्च-एप्रिल किंवा नोव्हेंबरात एखाद्या दिवशी तुमची आवडती जागा काळीठिक्कर पडलेली दिसेल. मला रडूच आलं होतं. आपल्याकडे वणवा म्हणजे नासाडी, डोक्यात तेच पक्कं. इथे मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं हे गवत जाळलं. प्रेअरीचं बरंचसं अंग जमिनीखाली असतं, आग वरून निघून जाते. बकथॉर्नसारखी झुडपं आणि साठलेला वाळका थर मात्र जळतो. काळ्या जमिनीला ऊन लवकर लागतं आणि तीन आठवड्यांत हिरवं फुटतं.

वारा, हवेतला ओलावा, धुराची दिशा सगळं जुळलं तरच पेटवतात, शेजाऱ्यांना आधी कळवलेलं असतं, आणि त्या गटात जायला प्रशिक्षण आणि खास कपडे लागतात. पहिल्या वर्षी नुसतं कडेला उभं राहून बघा, तेही परवानगी असेल तर. हे इथल्या हवामानाचं आणि या गवताचं गणित आहे. गावी जाऊन कोणाला "अमेरिकेतही जाळतात" असं सांगू नका.

९. कागदपत्रं, व्हिसा, मुलं, आई-बाबा

लागतं ते असं: ऑनलाइन किंवा कागदी जबाबदारी-मुक्ततेचा फॉर्म (वेव्हर), आणीबाणीत फोन करायचा नंबर, अठराखालच्या मुलांसाठी पालकांची सही, आणि एखाद्या ठिकाणी फोटो ओळखपत्र. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं ते एकदा आठवून ठेवा.

हायस्कूलच्या मुलांना सेवेचे तास लागतात. त्यासाठी शाळेचा फॉर्म पहिल्याच दिवशी घेऊन जा आणि त्याच दिवशी सही घ्या. मे महिन्यात मागच्या आठ महिन्यांचे तास कोणाला आठवत नाहीत, आणि तेव्हा रांग लागते.

एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यासोबतच्या व्हिसावर, आलेल्या बायका 'आम्हाला हे काम चालतं का?' हा प्रश्न हळूच विचारतात, म्हणून मोठ्याने लिहिते. मीही एच-४ वरच होते. जिथे सगळेच फुकट राबतात अशा सरकारी किंवा ना-नफा जागी, कोणताही मोबदला न घेता केलेल्या स्वयंसेवेला सहसा अडचण नसते. सापळा आहे तो 'स्टायपेंड' देणाऱ्या उन्हाळी इंटर्नशिपचा. रक्कम किरकोळ असली तरी ती नोकरी धरली जाऊ शकते. पैसे, भाडं, राहायची सोय असं काहीही देऊ करत असतील तर होकार देण्याआधी वकिलाला विचारा.

भारतातून आलेले आई-बाबा वॉकला जरूर यावेत. माझे सासरे पहिल्या वॉकला कंटाळून आले होते. तिथे मिल्कवीडचं बोंड फुटलेलं दिसलं, पांढरा कापूस उडाला, आणि ते म्हणाले, "अरे, ही तर म्हातारी!" खरंच, मिल्कवीड रुईच्याच कुळातली. मोनार्क फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं, आणि आपल्याकडे रुईवर वाढणारं केशरी फुलपाखरू त्याच मोनार्कचं भाऊबंद. त्यानंतर ते परत जाईपर्यंत दर शनिवारी गाडीत माझ्याआधी बसलेले असायचे.

१०. बी गोळा करणं आणि पेरणं

सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझा सगळ्यात आवडता काळ. कमरेला बादली किंवा पिशवी बांधून, दाखवून दिलेल्या एका जातीचंच बी काढत चालायचं. नियम थोडेच. सगळं ओरबाडायचं नाही, निम्म्याहून जास्त झाडावर राहू द्यायचं. कागदी पिशवी वापरायची, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. पिशवीवर जात, तारीख, जागा लगेच लिहायची. 'घरी गेल्यावर लिहीन' म्हणालात की ती पिशवी वाया गेली समजा. वाइल्ड इंडिगोची काळी शेंग खुळखुळ्यासारखी वाजली तर आत बी आहे. वाजली नाही तर बहुधा भुंगेऱ्याने खाल्लंय, ती सोडा.

मग शेडमध्ये मळणी. चाळण्यांवर बोंडं घासायची, कोंडा वेगळा काढायचा. दुसऱ्या वर्षी मी गौरींसाठी आणलेलं बांबूचं सूप घेऊन गेले. कोनफ्लॉवरचा ढीग घेऊन दोनदा पाखडला, कोंडा पुढे गेला, बी मागे राहिलं. शेडमध्ये शांतता पसरली. मग एका निवृत्त शिक्षिकेने मागून घेतलं आणि पहिल्याच झटक्यात अर्धं बी जमिनीवर! ते सूप आता तिथेच टांगलेलं असतं, गौरींना दुसरं घ्यावं लागलं. ब्लेझिंग स्टार आणि मिल्कवीडला मात्र सूप लावू नका. ती म्हातारी आहे, अख्ख्या शेडभर उडते आणि पाच वाजेपर्यंत नाकातोंडात जात राहते.

पेरणी डिसेंबर-जानेवारीत, शक्य तर पातळ बर्फावर. ऐकून मीही हसले होते. पण यातल्या पुष्कळ बियांना थंडी खाल्ल्याशिवाय कोंब फुटत नाही, आणि जमीन गोठते-वितळते तेव्हा बी आपोआप भेगांत उतरतं. ठरवून दिलेलं मिश्रण लाकडाच्या भुशात कालवलेलं असतं, ते मुठीने फेकत चालायचं. बर्फावर भुसा दिसतो, म्हणून कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते कळतं. हातमोजा एका हाताचा काढावा लागतो, तेव्हा खिशात हात गरम करायच्या पुड्या ठेवा.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे काहीच दिसणार नाही. दुसऱ्या वर्षीही नाही म्हटलं तरी चालेल. रोपं खालीच वाढत असतात. कंपास प्लांट फुलायला कधीकधी आठ-दहा वर्षं लागतात. मी पहिल्या डिसेंबरात पेरलेल्या कोपऱ्याजवळ एक जुना दगड आहे, तोच माझी खूण. गेल्या जूनमध्ये त्या दगडापासून हातभर अंतरावर कंपास प्लांटची दोन पानं आली, वीतभर उंचीची. होकायंत्र लावून बघितलं. उत्तर-दक्षिण होती.